प्रोकॅरिओटिक की युकॅरिओटिक? समोरची पेशी ओळखायची कशी, स्टेप बाय स्टेप

प्रोकॅरिओटिक आणि युकॅरिओटिक पेशींमधला फरक म्हटलं की सगळ्यांच्या वहीत तोच तक्ता असतो, डावा रकाना, उजवा रकाना, पंधरावीस ओळी, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो घोकायचा. तक्ता चुकीचा नसतो, पण त्यात सगळ्या ओळी एकाच वजनाच्या दिसतात, म्हणजे ‘केंद्रक आहे-नाही’ ही ओळ आणि ‘आकार लहान-मोठा’ ही ओळ शेजारी शेजारी, जणू दोन्हींचं महत्त्व सारखंच. मग प्रश्न जरा वाकडा आला किंवा समोर खरीखुरी स्लाइड आली की गाडी अडते. म्हणून इथे तक्ता देत नाहीये. पेशी समोर आली, मग ती मायक्रोस्कोपखाली असो, फोटोत असो नाहीतर नुसत्या वर्णनात, की आधी काय विचारायचं, नंतर काय, आणि कुठल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते बघू.

एक नियम आधीच सांगून ठेवतो कारण तो पुढे सतत लागणार आहे: एखादी गोष्ट दिसली तर तो पुरावा, पण दिसली नाही म्हणजे ती नाहीच असं लगेच ठरवायचं नाही. निम्मे घोळ इथेच होतात.

सुरुवातीला: कोण कुठल्या गटात

प्रोकॅरिओटिक म्हणजे आदिकेंद्रकी पेशी, जिच्यात डीएनएभोवती पटलाचं केंद्रक नसतं, यात दोनच मोठे गट, बॅक्टेरिया आणि आर्किया (दिसायला बॅक्टेरियासारखे पण वेगळे जीव, त्यांच्याबद्दल शेवटी). युकॅरिओटिक म्हणजे दृश्यकेंद्रकी, जिच्यात ते असतं, यात प्राणी, वनस्पती, बुरशी आणि अमीबा-पॅरामिशियमसारखे प्रोटिस्ट. व्हायरस कुठेच नाही, ती पेशीच नाही, त्यामुळे ‘व्हायरस प्रोकॅरिओट आहे का’ या प्रश्नावर वेळ घालवू नका.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकपेशीय म्हणजे प्रोकॅरिओटिक असं धरून चालणं. असं अजिबात नाही. यीस्ट एकपेशीय आहे आणि पक्का युकॅरिओट आहे, अमीबाही तसाच, मलेरियाचा परजीवी प्लाझमोडियमही तसाच. उलट नील-हरित शैवाल या नावात ‘शैवाल’ असलं तरी ते सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे प्रोकॅरिओट. नावावर जाऊ नका, आत बघा.

ही विभागणी वाटते तितकी जुनी पण नाही. हे दोन शब्द एदुआर शॅटन या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये वापरले, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही, मग १९६२ मध्ये स्टॅनियर आणि व्हॅन नील यांनी बॅक्टेरिया म्हणजे नक्की काय हे मांडताना ती कल्पना नीट उभी केली आणि मग ती सगळीकडे पोचली. त्याआधी बॅक्टेरियांना चक्क वनस्पतींच्या यादीत टाकलेलं असायचं.

पायरी १: आकार बघा, पण निकाल देऊ नका

फोटो असेल तर पहिल्यांदा स्केल बार शोधा. बॅक्टेरिया साधारण ०.५ ते ५ मायक्रोमीटर, युकॅरिओटिक पेशी बहुतेक १० ते १०० मायक्रोमीटर. ई. कोलाय घ्या, लांबी २ मायक्रोमीटरच्या आसपास. तोंडाच्या आतल्या बाजूची गालाची पेशी घ्या, ती ६० मायक्रोमीटरच्या घरात.

मायक्रोस्कोपवर स्केल बार नसतो, मग अंदाज कसा घ्यायचा? आयपीसवर फील्ड नंबर लिहिलेला असतो, समजा १८. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागा. ४० च्या ऑब्जेक्टिव्हला १८ भागिले ४० म्हणजे ०.४५ मिलिमीटर, म्हणजे दिसणाऱ्या गोलाचा व्यास ४५० मायक्रोमीटर. त्या गोलात एका ओळीत अंदाजे सात-आठ पेशी मावत असतील तर एक पेशी ६० च्या आसपास आली. सोपं आहे, पण बरेच जण हे करतच नाहीत आणि मग ‘मोठी दिसते’, ‘छोटी दिसते’ एवढ्यावर थांबतात.

आता आकारात एवढा फरक का, हे कळलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. व्यास २० पट वाढवा, पृष्ठभाग ४०० पट होतो पण घनफळ ८००० पट. म्हणजे पोटातलं काम ८००० पट वाढलं आणि आत-बाहेर नेआण करायला, ऊर्जा तयार करायला जे पटल लागतं ते वाढलं फक्त ४०० पट. बॅक्टेरिया आपली ऊर्जा बाहेरच्या पेशीपटलावरच तयार करतात, त्यामुळे लहान राहणं त्यांना परवडतं. मोठ्या पेशीला ते जमत नाही, तिला पटलं आतमध्ये घड्या घालून ठेवावी लागतात, आणि मायटोकाँड्रिया (ऊर्जा तयार करणारे भाग), आंतर्द्रव्यजालिका (पटलांचं आतलं जाळं) वगैरे सगळा पसारा त्यातूनच लक्षात येतो. शिवाय छोट्या पेशीत एखादा रेणू इकडून तिकडे नुसता विसरणाने क्षणार्धात पोचतो, मोठ्या पेशीत तेवढ्यावर भागत नाही म्हणून आत वाहतुकीचे मार्ग, सूक्ष्मनलिका, त्यावर चालणारी मोटर प्रथिनं.

पण आकारावर निकाल द्यायचा नाही असं म्हटलं ते का? कारण अपवाद भारी आहेत. ऑस्ट्रिओकॉकस नावाचं समुद्री हिरवं शैवाल जेमतेम ०.८ मायक्रोमीटरचं आहे आणि तरी त्यात केंद्रक, मायटोकाँड्रिया, हरितलवक सगळं आहे. उलट बाजूला थायोमार्गारिटा मॅग्निफिका, २०२२ मध्ये ज्याचं वर्णन आलं, हा बॅक्टेरिया साधारण १ सेंटीमीटर लांब, काही तर २ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आणि माझा आवडता किस्सा एप्युलोपिसियमचा: सर्जनफिश माशाच्या आतड्यात सापडलेला हा जीव अर्धा मिलिमीटरपेक्षाही लांब असू शकतो, १९८५ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा तो प्रोटिस्ट समजला गेला, आणि १९९३ मध्ये रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएवरून कळलं की हा तर बॅक्टेरिया. तज्ज्ञांचीही आकाराने दिशाभूल होते, आपलं काय घेऊन बसलात.

पायरी २: केंद्रक शोधा, हा खरा प्रश्न

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा.

युकॅरिओटिक पेशीत डीएनए दुहेरी पटलाच्या आत असतो, त्या पटलाला छिद्रं असतात आणि त्यातून काय आत जाणार, काय बाहेर येणार यावर नियंत्रण असतं. प्रोकॅरिओटिक पेशीत असं कुंपण नाही, डीएनए पेशीद्रव्यातच एका भागात गोळा होऊन बसलेला असतो, त्या भागाला न्यूक्लिऑइड म्हणतात. चित्र काढताना न्यूक्लिऑइडभोवती रेघ मारायची नाही! ही एक रेघ मार्क घालवते, कारण रेघ म्हणजे पटल, आणि पटल काढलंत की तुम्ही केंद्रक काढलंत.

मिथिलीन ब्लू घातलेल्या स्लाइडवर केंद्रक गडद निळा ठिपका म्हणून सहज दिसतं. दिसलं की काम झालं, पेशी युकॅरिओटिक. नाही दिसलं तर? तर आधी तीन गोष्टी तपासा. एक, पेशी विभाजनाच्या मधल्या अवस्थेत तर नाही ना, कारण प्राणी आणि वनस्पतींच्या पेशीत सूत्री विभाजन सुरू झालं की केंद्रकाचं पटल विरघळतं आणि काही काळ केंद्रक नावाची वस्तूच उरत नाही, फक्त गुणसूत्रं दिसतात. दोन, ही अशी पेशी तर नाही जिने केंद्रक टाकून दिलंय, उदाहरणार्थ सस्तन प्राण्यांची पक्व तांबडी रक्तपेशी किंवा वनस्पतींच्या अन्नवाहिनीतली चाळणनलिकेची पेशी. या दोन्ही युकॅरिओटिकच, कारण जिथून त्या आल्या त्या पेशींना केंद्रक होतं. तीन, रंग नीट लागलाय का. कांद्याच्या पापुद्र्यात तर मोठ्या रिक्तिकेमुळे केंद्रक कडेला ढकललेलं असतं, फोकस थोडा वरखाली केल्याशिवाय दिसतच नाही.

केंद्रकाचं पटल असणं-नसणं याने एवढा फरक का पडतो, हे कळलं की निम्मा तक्ता पाठ करायची गरज राहत नाही. बॅक्टेरियात डीएनएवरून एमआरएनए (प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप नेणारी प्रत) तयार होत असतानाच, म्हणजे तो अजून पूर्ण पण झालेला नसताना, रायबोसोम त्याच्यावर चढून प्रथिनं बनवायला लागतात. १९७० मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने याचे फोटो काढले गेले, डीएनएच्या धाग्यावरून लटकणारे आरएनए आणि त्यावर ओळीने मणी ओवल्यासारखे रायबोसोम. मध्ये भिंतच नाही तर थांबायचं कशाला? त्यामुळे परिस्थिती बदलली, नवीन साखर मिळाली, की बॅक्टेरिया काही मिनिटांत लागणारं एन्झाइम बनवायला लागतो, आणि एकाच कामाची जनुकं एका ओळीत ठेवून एकदम चालू-बंद करतो, तेच ते ऑपेरॉन, ज्याचं मॉडेल जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलं.

युकॅरिओटमध्ये एमआरएनए केंद्रकात तयार होतो आणि प्रथिनं बाहेर बनतात. मध्ये वेळ मिळतो. त्या वेळात आरएनएच्या एका टोकाला टोपी लागते, दुसऱ्या टोकाला शेपटी, आणि मधले इंट्रॉन, म्हणजे प्रथिनासाठी न लागणारे तुकडे, कापून काढले जातात. इंट्रॉन १९७७ मध्ये सापडले तेव्हा सगळ्यांना धक्का बसला होता, कारण तोवर जनुक म्हणजे सलग मजकूर अशीच समजूत होती. कापाकापी वेगवेगळ्या पद्धतीने करता येते म्हणून एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं निघतात, आणि माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम २० हजार असून एवढा गुंतागुंतीचा कारभार चालतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणजे ‘इंट्रॉन: असतात/सहसा नसतात’, ‘ऑपेरॉन: असतात/सहसा नसतात’, ‘लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए) आणि भाषांतर (आरएनएवरून प्रथिन): एकत्र/वेगळं’ या तीन ओळी वेगळ्या पाठ करायच्या नाहीत, त्या एकाच भिंतीचे परिणाम आहेत.

पायरी ३: डीएनएचा आकार आणि संख्या

नेहमीचं उत्तर: प्रोकॅरिओटमध्ये एक वर्तुळाकार गुणसूत्र, युकॅरिओटमध्ये अनेक सरळ गुणसूत्रं आणि ती हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेली. आकडे बघा म्हणजे फरक डोळ्यात भरेल. ई. कोलायचा जीनोम ४६ लाख बेसजोड्यांचा, ताणला तर दीड मिलिमीटरच्या थोडा पुढे, आणि तो बसतो २ मायक्रोमीटरच्या पेशीत. माणसाच्या एका पेशीतला ४६ गुणसूत्रांमधला डीएनए मिळून साधारण २ मीटर, आणि तो बसतो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात. हिस्टोन कशाला लागतात ते वेगळं सांगायला नको.

पण परीक्षेत ‘नेहमी’ हा शब्द दिसला की सावध व्हा. कॉलऱ्याच्या जिवाणूत दोन गुणसूत्रं आहेत, लाइम रोगाच्या बोरेलियाचं गुणसूत्र सरळ आहे, बऱ्याच आर्कियांमध्ये हिस्टोन असतात. प्लाझमिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा छोटा डीएनए, ही बॅक्टेरियांची खासियत म्हणून शिकवतात, पण यीस्टमध्येही प्लाझमिड सापडतं. त्यामुळे ही पायरी आधार म्हणून वापरा, एकटीवर निर्णय नको.

पायरी ४: पटल असलेली अंगकं (पेशीतले कामाचे भाग)

मायटोकाँड्रिया, गॉल्गी, आंतर्द्रव्यजालिका, लयकारिका, हरितलवक, यातलं एक जरी स्पष्ट दिसलं तरी पेशी युकॅरिओटिक. विषय संपला.

इथे प्रश्नाचे शब्द नीट वाचा. ‘प्रोकॅरिओटमध्ये अंगकं नसतात’ आणि ‘पटलाने वेढलेली अंगकं नसतात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रायबोसोमला पटल नसतं आणि तो दोन्हीकडे असतो, म्हणून पहिलं वाक्य सरळ चूक धरलं जातं. दुसरं वाक्य बरोबर धरतात, जरी बारकाईने बघितलं तर चुंबकीय बॅक्टेरियात लोहाच्या खनिजाचे कण पटलात गुंडाळून ठेवलेले असतात आणि त्या आधारे ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार दिशा धरतात. वर सांगितलेल्या महाकाय थायोमार्गारिटामध्ये तर डीएनएसुद्धा पटलाच्या छोट्या पिशव्यांमध्ये सापडलाय. निसर्ग आपला तक्ता वाचून चालत नाही.

आणखी एक गैरसमज: मायटोकाँड्रिया नाहीत म्हणजे ऑक्सिजन वापरून श्वसन नाही, हरितलवक नाही म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही. दोन्ही चूक. बॅक्टेरिया श्वसनाची सगळी साखळी पेशीपटलावर चालवतात, आणि सायनोबॅक्टेरियात हरितलवक नसलं तरी प्रकाश पकडणारी थायलाकॉइड पटलं असतात आणि ते मस्त ऑक्सिजन सोडतात. किंबहुना पृथ्वीच्या हवेत सुरुवातीला ऑक्सिजन भरला तोच त्यांनी.

उलट्या बाजूचा अपवाद पण लक्षात ठेवा. मोनोसर्कोमोनॉइड्स नावाच्या एका प्रोटिस्टमध्ये मायटोकाँड्रिया अजिबातच नाहीत असं २०१६ मध्ये दाखवलं गेलं. केंद्रक मात्र आहे. म्हणून तर केंद्रकाचा प्रश्न आधी आणि हा नंतर.

पायरी ५: रायबोसोम, इथे खरी मजा आहे

साध्या मायक्रोस्कोपने रायबोसोम दिसत नाही, तो २०-२५ नॅनोमीटरचा आणि प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे ही पायरी वर्णनावरच्या प्रश्नांसाठी. प्रोकॅरिओटमध्ये ७०एस, त्याचे तुकडे ५०एस आणि ३०एस. युकॅरिओटच्या पेशीद्रव्यात ८०एस, तुकडे ६०एस आणि ४०एस. बेरीज जुळत नाही म्हणून गोंधळू नका, एस हे वजन नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने तळाशी जातो त्याचं माप आहे, आणि तो वेग कणाच्या ठेवणीवर, म्हणजे तो गोल की लांबट यावर पण अवलंबून असतो, म्हणून दोन तुकडे जोडले की आकडे सरळ बेरजेसारखे वागत नाहीत.

आता हा फरक नुसता पाठांतराचा नाही, औषधांचा मोठा धंदा यावर उभा आहे. टेट्रासायक्लिन ३०एसला चिकटतं, एरिथ्रोमायसिन ५०एसला, त्यामुळे बॅक्टेरियाचं प्रथिन बनवणं बंद पडतं आणि आपल्या ८०एस रायबोसोमचं काम चालू राहतं. पेनिसिलिन, जे फ्लेमिंगने १९२८ मध्ये बुरशीत पाहिलं, ते वेगळ्या जागी मारतं, बॅक्टेरियाच्या भित्तिकेतल्या, म्हणजे पेशीपटलाबाहेरच्या कडक आवरणातल्या, पेप्टिडोग्लायकनची बांधणी अडवतं, आणि ते द्रव्य आपल्या पेशीत नाहीच. बुरशीचा संसर्ग झाला की औषध निवडणं अवघड का होतं तेही यातूनच कळतं, बुरशी युकॅरिओट आहे, आपल्याच पठडीतली, तिच्यात वेगळं असं कमी सापडतं. म्हणून मग तिच्या पटलातल्या एर्गोस्टेरॉलला लक्ष्य करतात, कारण आपल्याकडे त्या जागी कोलेस्टेरॉल असतं.

पण मग काही अँटिबायोटिक्सचे दुष्परिणाम आपल्या पेशींवर होतात ते का? कारण आपल्या मायटोकाँड्रियात स्वतःचे रायबोसोम आहेत आणि ते बॅक्टेरियाच्या वळणाचे आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल मायटोकाँड्रियामधलं प्रथिन बनवणं अडवतं आणि अस्थिमज्जेवर परिणाम होतो, हे त्याचं ठरलेलं उदाहरण. मायटोकाँड्रियात स्वतःचा वर्तुळाकार डीएनए पण आहे, माणसात १६,५६९ बेसजोड्यांचा, ३७ जनुकं. ते दोन भागात विभागून वाढतात. हे सगळं एकत्र ठेवलं की लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जे जोरात मांडलं ते पटतं, की मायटोकाँड्रिया आणि हरितलवक हे मुळात स्वतंत्र बॅक्टेरिया होते, दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच राहिले. हरितलवकाबद्दल असंच काहीसं रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की १९०५ मध्येच बोलले होते, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

तर युकॅरिओटिक पेशीत ‘फक्त ८०एस’ रायबोसोम असतात हे विधान चूक. पेशीद्रव्यात ८०एस, आणि मायटोकाँड्रिया-हरितलवकात त्यांचे वेगळे.

पायरी ६: भित्तिका आहे का नाही, हा प्रश्न चुकीचा आहे

बरोबर प्रश्न: भित्तिका कशाची आहे? बॅक्टेरियात पेप्टिडोग्लायकन, वनस्पतीत सेल्युलोज, बुरशीत कायटिन, प्राण्यांत भित्तिकाच नाही, आणि मायकोप्लाझ्मा नावाच्या बॅक्टेरियातही नाही, म्हणून त्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही. १८८४ मध्ये ग्रॅमने जी रंगवण्याची पद्धत काढली तीही भित्तिकेच्या रचनेवरच चालते, जाड पेप्टिडोग्लायकन असलेले जांभळे राहतात, पातळ थरवाले रंग सोडतात आणि दुसऱ्या रंगाने गुलाबी होतात. ग्रॅम स्टेन प्रोकॅरिओट-युकॅरिओट ठरवायला नाही, बॅक्टेरियांमधले गट पाडायला आहे. हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

पायरी ७: हालचाल आणि विभाजन

बॅक्टेरियाची कशाभिका (पोहण्याची शेपटी) म्हणजे फ्लॅजेलिन प्रथिनाचा बारीक, २० नॅनोमीटर जाडीचा धागा, बुंध्याशी खरीखुरी फिरणारी मोटर, आणि ती चालते पटलापलीकडून आत येणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहावर. युकॅरिओटची कशाभिका फिरत नाही, वळवळते, तिच्यात सूक्ष्मनलिकांची नऊ अधिक दोन अशी मांडणी, बाहेरून पेशीपटलाचं आवरण, आणि ऊर्जा एटीपी या रेणूची. नाव एक, काम एक, वस्तू पूर्ण वेगळ्या.

विभाजनात एक हिशोब करून बघा, छान आहे. ई. कोलायमध्ये डीएनएची नक्कल एकाच ठिकाणाहून सुरू होते आणि दोन्ही बाजूंना जाते, वेग सेकंदाला साधारण १००० बेस. ४६ लाख भागिले २ म्हणजे २३ लाख, त्याला १००० ने भागलं की २३०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटांच्या जवळपास. पण चांगल्या परिस्थितीत ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो! कसं जमतं? तर पहिली नक्कल पूर्ण व्हायच्या आत दुसरी सुरू होते, म्हणजे बाळपेशी जन्मतानाच पुढच्या पिढीची नक्कल अर्धी झालेली असते. माणसाच्या पेशीत नकलेचा वेग खूप कमी, म्हणून तिथे हजारो ठिकाणांहून एकाच वेळी सुरुवात होते आणि तरीही काही तास लागतात.

सूत्री आणि अर्धसूत्री विभाजन फक्त युकॅरिओटमध्ये, बॅक्टेरियात द्विविभाजन, म्हणजे एकाचे सरळ दोन. बॅक्टेरियात जनुकांची देवाणघेवाण होतच नाही असं मात्र लिहू नका, ती होते, लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्येच दाखवलं, फक्त तिचा प्रजननाशी संबंध नाही. अँटिबायोटिकला न जुमानण्याची जनुकं अशीच पसरतात.

पायरी ८: एकाच स्लाइडवर दोन्ही बघा

दोन वेगळ्या स्लाइड बनवायची गरज नाही. गालाच्या आतल्या बाजूने स्वच्छ कापसाची काडी हलकेच फिरवा, घासायचं नाही, स्लाइडवर मिठाच्या सौम्य पाण्याचा एक थेंब, त्यात काडी फिरवा, मिथिलीन ब्लूचा छोटा थेंब, मिनिटभर थांबा, कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवत सोडा म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. जास्तीचा रंग टिपकागदाने कडेवरून ओढून घ्या. आधी १० च्या ऑब्जेक्टिव्हला पेशी शोधा, मग ४० ला जा, आणि उजेड कमी करा, बहुतेकांचा उजेड गरजेपेक्षा फार जास्त असतो आणि मग सगळं धुवून निघाल्यासारखं पांढरं दिसतं.

पसरट, वेडीवाकडी पेशी दिसेल, मधे गडद केंद्रक. आता त्याच पेशीच्या अंगावर नीट बघा, अगदी बारीक निळे ठिपके, कधी छोट्या माळेसारखे एका रांगेत. ते तोंडातले बॅक्टेरिया. एका नजरेत दोन्ही प्रकारच्या पेशी, त्याच स्केलवर. केंद्रकाच्या मानाने ठिपका केवढा आहे ते बघा, अख्खा बॅक्टेरिया तुमच्या पेशीच्या केंद्रकापेक्षाही कितीतरी लहान. लेव्हेनहूकने १६८३ मध्ये दातावरचा थर खरवडून स्वतःच्या भिंगाखाली हेच जीव पाहिले आणि पत्रात लिहून कळवले होते. ठिपक्यांच्या आतलं काही दिसणार नाही, १०० च्या ऑइल इमर्शनने फक्त आकार स्पष्ट होईल, गोल का काडीसारखा. ठिपका थरथरत असेल तर तो पोहतोय असं लगेच ठरवू नका, पाण्याचे रेणू ढकलतात म्हणूनही कण जागच्या जागी थरथरतात, पोहणारा एका दिशेने जातो. काम झालं की काडी आणि स्लाइड जंतुनाशकात टाका.

आर्कियाचं काय करायचं

१९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली आणि दिसलं की ‘प्रोकॅरिओट’ म्हणून एकत्र बांधलेल्या गाठोड्यात दोन वेगळी घराणी आहेत. आर्कियाला केंद्रक नाही, रायबोसोम ७०एस, म्हणजे दिसायला बॅक्टेरियासारखे. पण त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसतं, पटलातल्या मेदाची जोडणी वेगळी, आणि डीएनए वाचणारं एन्झाइम आपल्या, म्हणजे युकॅरिओटच्या जवळचं. २०१५ मध्ये आर्क्टिक महासागराच्या तळाच्या गाळातून लोकीआर्किया नावाच्या गटाचा डीएनए वाचला गेला आणि त्यात युकॅरिओटिक पेशीच्या सांगाड्याशी नातं सांगणारी जनुकं सापडली. त्यामुळे आज बऱ्याच जणांचं मत असं की आपली पेशी अशाच एखाद्या आर्कियात बॅक्टेरिया शिरून तयार झाली. व्यवहारात एवढंच करा: प्रश्नात नुसतं ‘प्रोकॅरिओट’ असेल तर ‘भित्तिका पेप्टिडोग्लायकनची’ असं सरसकट लिहू नका, ‘बॅक्टेरियात’ असा शब्द घाला.

आता हात साफ करा

वर्णन: भित्तिका आहे, हरितद्रव्य आहे, हरितलवक नाही, रायबोसोम ७०एस. इथे बरेच जण हरितद्रव्य वाचून ‘वनस्पती’ लिहून मोकळे होतात. उत्तर सायनोबॅक्टेरिया.

वर्णन: भित्तिका कायटिनची, पेशीद्रव्यात ८०एस, केंद्रक आहे, हरितलवक नाही, आकार ५ मायक्रोमीटर. आकार बॅक्टेरियाच्या जवळचा वाटेल, पण केंद्रक दिलंय ना, मग बाकी वादच नाही, यीस्टसारखी बुरशी.

वर्णन: भित्तिका नाही, केंद्रक नाही, वर्तुळाकार डीएनए, आकार ०.३ मायक्रोमीटर. भित्तिका नाही म्हणून प्राणीपेशी लिहिलंत तर गेलात. मायकोप्लाझ्मा.

वर्णन: केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाही, रायबोसोम नाही, दोन्ही बाजूंनी खोलगट चकती, ७-८ मायक्रोमीटर. रायबोसोमच नाही म्हटल्यावर ही प्रोकॅरिओट असूच शकत नाही, जगणाऱ्या प्रत्येक बॅक्टेरियाला रायबोसोम लागतोच. माणसाची पक्व तांबडी रक्तपेशी, सगळं टाकून दिलेली युकॅरिओट.

शेवटचं, जरा फसवं: वर्तुळाकार डीएनए, ७०एस रायबोसोम, हरितद्रव्य, बाहेरून दोन पटलं, लांबी ५ मायक्रोमीटर, भित्तिका नाही. सायनोबॅक्टेरिया लिहायला हात शिवशिवतो, पण त्यांना भित्तिका असते, आणि प्रश्न परत वाचलात तर त्यात ‘पेशी’ हा शब्द कुठेच नाहीये. ते हरितलवक आहे.